निकाल हातात, पैसा दुसऱ्याच्याच खिशात

(पोस्ट मोठी आहे. ज्याच्या घरात कोर्टाचा जुना निकाल पेटीत पडून आहे त्यानं तरी शेवटपर्यंत वाचावी.)

आपल्या लोकांचा एक समज फार पक्का आहे. कोर्टात केस जिंकली की पैसे मिळतात. नाही मिळत. केस जिंकली की एक कागद मिळतो, त्याला हुकूमनामा म्हणतात. त्यावर शिक्का असतो, सही असते, रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहिलेली असते. तो कागद घेऊन पैसे वसूल करायचं काम परत तुमचंच. त्यासाठी परत अर्ज, परत नंबर, परत वकीलपत्र, परत तारखा. या दुसऱ्या फेरीचं नाव दरखास्त. मराठवाड्यात दरखास्त म्हणजे काय असतं, हे ज्यानं केली त्यालाच विचारा.

हे काही आजचं दुखणं नाही. १८७२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं दरभंगा राजच्या प्रकरणात लिहून ठेवलं होतं की हिंदुस्थानात पक्षकाराच्या खऱ्या अडचणी सुरू होतात त्या हुकूमनामा हातात पडल्यावर. दीडशे वर्षं उलटून गेली. इंग्रज गेला, निजाम गेला, दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, तिच्यात किती दुरुस्त्या झाल्या. अडचण जिथली तिथंच आहे.

माझं उदाहरण थोडक्यात सांगतो. मी लातूरला पाइप आणि पंपाचं दुकान चालवतो. नांदेडच्या एका ठेकेदाराला उधारीवर माल दिला होता. त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्यासारखे प्रत्येक तालुक्यात दोन-चार आहेत, वाचणाऱ्याला आपापला माणूस आठवेलच. पैसे आले नाहीत म्हणून २०११ साली लातूरला दावा टाकला. २०१४ साली निकाल माझ्या बाजूनं लागला. मुद्दल चार लाख ऐंशी हजार, दाव्याच्या तारखेपासून द.सा.द.शे. ६ टक्के सरळ व्याज. तो माणूस अपिलात गेला नाही. म्हणजे रक्कम त्याला मान्य आहे. फक्त द्यायची नाही.

आता हिशोब मांडू, कारण सगळा खेळ या हिशोबात आहे.

चार लाख ऐंशी हजारावर ६ टक्क्यानं वर्षाचं व्याज होतं २८,८००. पंधरा वर्षांचं ४,३२,०००. म्हणजे त्यानं २०२६ साली सगळे पैसे टाकले तर त्याला द्यावे लागतील ९,१२,०००. आता हीच रक्कम त्यानं बँकेकडून १२ टक्के चक्रवाढीनं घेतली असती तर? पंधरा वर्षांत सव्वीस लाखांच्या वर गेली असती. म्हणजे माझे पैसे न देण्यात त्याचा सतरा लाखांचा फायदा आहे. बँकेच्या कर्जाला तारण लागतं, जामीनदार लागतो, हप्ता चुकला तर सिबिल खराब होतं. माझ्या पैशाला यातलं काहीच नाही. कोर्टाचा हुकूमनामा हे या जिल्ह्यातलं सगळ्यात स्वस्त कर्ज आहे आणि ते फक्त बुडवणाऱ्यालाच मिळतं.

कायदा इथं हात बांधून ठेवत नाही. व्यापारी व्यवहार असेल तर दिवाणी संहितेच्या कलम ३४ खाली कोर्टाला ६ टक्क्यांपेक्षा जास्त, कराराप्रमाणे किंवा बँकेच्या दरानं व्याज देता येतं. पण देता येतं आणि दिलं जातं यात फार अंतर आहे. छोट्या गावात छोट्या दुकानदाराचा दावा असला की ६ टक्के लिहून मोकळे.

पुढची गंमत ऐका. हुकूमनामा लातूरचा, माणूस आणि त्याची मालमत्ता नांदेडची. २००२ च्या दुरुस्तीनंतर कायदा स्पष्ट आहे की कोर्टाला स्वतःच्या हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर अंमलबजावणी करता येत नाही. म्हणून आधी लातूरच्या कोर्टात अर्ज, की हा हुकूमनामा नांदेडला पाठवा. मग दाखला, की वसुली झालेली नाही. मग नांदेडला नवी नोंद, नवा वकील, नवी नोटीस. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटली असली की ऋणकोला आधी नोटीस काढून विचारावं लागतं, बाबा रे, तुझ्यावर अंमलबजावणी का करू नये? ज्याला पंधरा वर्षं सगळं माहीत आहे त्याला परत विचारायचं. आणि मी मात्र अहमदपूर, लोहा करत एसटीनं तीन-साडेतीन तास जायचं, अकराला कोर्टात उभं राहायचं, दुपारी पुढची तारीख घेऊन परत यायचं.

जप्ती वॉरंट निघतं तेव्हा वाटतं, आता झालं काम. बेलीफ जातो, अहवाल येतो: "घर बंद आढळले." पुढच्या वेळी: "ऋणको मिळून आले नाहीत." त्याच आठवड्यात तो ऋणको वाढदिवसाच्या बॅनरवर हात जोडून उभा असतो. अख्ख्या नांदेडला तो दिसतो, कोर्टाच्या कागदालाच तेवढा दिसत नाही. बेलीफला मी दोष देत नाही. एकटा माणूस, हातात कागद, समोर दारात उभी असलेली दहा पोरं. पोलीस बंदोबस्त पाहिजे तर त्याचा अर्ज वेगळा, त्याची तारीख वेगळी.

मालमत्ता सापडली की दुसरा अंक सुरू होतो. गाडी मेहुण्याच्या नावावर. प्लॉट बायकोच्या नावावर. कंपनी भावाच्या नावावर. जे काही त्याच्या नावावर उरलं असेल त्यावर जप्ती लावली की कुणीतरी तिसराच हरकत घेऊन येतो, हे माझं आहे. त्या हरकतीची चौकशी म्हणजे जवळजवळ नवा दावाच. दरम्यान ऋणको तारखेला दहा हजार रुपये भरतो, हात जोडतो, "साहेब, देतो की, धंदा मंदा हाय," आणि तीन महिन्यांची मुदत घेऊन जातो. दहा हजारात तीन महिने. एवढं स्वस्त भाडं तर वजिराबादला टपरीचंही नसेल.

अटक? कायद्यात आहे. पाच हजारांच्या वरच्या रकमेसाठी तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग. पण त्यात एक अट फार कमी लोकांना माहीत असते. त्या माणसाच्या तुरुंगातल्या निर्वाहाचा भत्ता आधी तुम्ही भरायचा. ज्यानं बुडवलं त्याचं जेवण ज्याचं बुडालं त्याच्या खर्चानं.

आता कुणीतरी म्हणेल, मग काय गरिबाला तुरुंगात टाकायचं का? शेतकऱ्याची भांडीकुंडी उचलायची का?

अजिबात नाही, आणि हा प्रश्न गंभीर आहे म्हणून नीट उत्तर देतो. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांच्या दारात गेले, कर्जरोखे बाहेर काढले आणि जाळले. तिथून दख्खनचा उठाव पसरला. त्या वेळी सावकार कोर्टातून एकतर्फी हुकूमनामे आणायचा आणि बेलीफ शेतकऱ्याचं सगळं उचलायचा. त्या उठावानंतर १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. आपण मराठवाड्यातले तेव्हा निजामाच्या राज्यात होतो, तो कायदा आपल्यासाठी नव्हता. पण आजच्या संहितेच्या कलम ६० मध्ये तीच काळजी आहे. नांगर, बैल, शेतकऱ्याचं राहतं घर, कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईच्या अंगावरचा धर्माप्रमाणे उतरवता न येणारा दागिना, मजुराची मजुरी, यातलं काही जप्त होत नाही. पगारातलाही मोठा भाग सुटतो. होऊही नये. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगून टाकलं की ज्याच्याकडे खरोखर नाही त्याला कर्जापायी तुरुंगात टाकणं संविधानात बसत नाही. ज्याच्याकडे आहे आणि जो लबाडीनं देत नाही त्याची गोष्ट वेगळी.

आपल्या भाषेत सांगायचं तर ऐपत नसणं वेगळं आणि नियत नसणं वेगळं. कायद्याला हा फरक कळतो. अंमलबजावणीला कळत नाही. उलट झालंय असं की नांगर-बैलवाल्यासाठी बांधलेली भिंत आज फॉर्च्युनरवाला वापरतोय. गरीब माणूस कर्ज फेडतोच, कारण त्याला गावात तोंड दाखवायचं असतं. लेकीचं लग्न पुढं ढकलून फेडतो. तारखा घ्यायला पैसा लागतो, वकील लागतो, दम लागतो. तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे हुकूमनाम्याची रक्कमही असते.

इथपर्यंत माझ्यासारख्या दुकानदाराचं झालं. पण माझा ठेकेदार हा फार लहान मासा आहे. या भागातला सगळ्यात मोठा, सगळ्यात निबर ऋणको कोण, सांगू? महाराष्ट्र शासन.

विष्णुपुरी, लिंबोटी, लेंडी, मांजरा, तेरणा, शिवाय गावागावचे पाझर तलाव आणि रस्ते. भूकंपानंतर १९९३ पासून नवी गावठाणं वसवायला घेतलेल्या जमिनी. या दोन जिल्ह्यांत असा शेतकरी शोधून काढावा लागेल ज्याच्या भावकीत कुणाची जमीन संपादनात गेली नाही. शासनानं आपल्या मनानं भाव ठरवला. शेतकऱ्याला तो पटला नाही म्हणून त्यानं १८९४ च्या कायद्याच्या कलम १८ खाली कोर्टाकडे वाढीव मावेजा मागितला. दहा-पंधरा वर्षांनी कोर्टानं सांगितलं, शेतकऱ्याचं बरोबर आहे, एवढे पैसे वाढवून द्या. झाला हुकूमनामा. आता शासनानं द्यायला पाहिजे की नाही? शासन काय करतं? आधी गप्प बसतं. मग मुदत संपल्यावर औरंगाबाद खंडपीठात अपील करतं आणि उशीर माफ करा म्हणतं. मग स्थगिती मागतं. तेही संपलं की शेतकरी दरखास्त टाकतो आणि मग येतो तो प्रसिद्ध प्रसंग, ज्याचा फोटो मराठवाड्यातल्या पेपरात अधूनमधून छापून येतो. बेलीफ जिल्हाधिकारी कार्यालयात, नाहीतर उपविभागीय कार्यालयात, नाहीतर पाटबंधारे खात्यात. खुर्च्या, संगणक, साहेबांची गाडी जप्त.

लोकांना तो फोटो बघून बरं वाटतं. मला लाज वाटते. एका शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचे, कोर्टानं मंजूर केलेले पैसे मिळवायला कलेक्टरची खुर्ची उचलावी लागते, यात बरं वाटण्यासारखं काय आहे? आणि खुर्ची उचलून मिळतं काय? लिलावात चार-पाचशे रुपये. बहुतेक वेळा तर खुर्ची उचललीही जात नाही. साहेब लेखी देतात की निधीची मागणी केली आहे, मुदत द्यावी. मुदत मिळते. शेतकरी घरी जातो. पुढच्या वर्षी परत तोच फोटो, गाव बदललेलं.

"निधी उपलब्ध नाही." हे वाक्य ऐकून आपल्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. भूसंपादन अधिकारी म्हणतो, पैसे पाटबंधारे विभाग देणार. विभाग म्हणतो, महामंडळ देणार. महामंडळ म्हणतं, मंत्रालयातून आले की देऊ. सातबाऱ्यावरचं नाव कमी करताना मात्र इतक्या टेबलांवर फिरावं लागलं नव्हतं. तलाठ्यानं एका फेरफारात काम केलं.

आणि हे निधीचं वाक्य खरं तरी आहे का? संविधान उघडा. अनुच्छेद २०२ चा तिसरा खंड बघा. राज्याच्या संचित निधीवर कोणता खर्च "भारित" आहे याची तिथं यादी आहे. राज्यपालांचं वेतन त्यात आहे, राज्याच्या कर्जावरचं व्याज त्यात आहे, हायकोर्टाच्या न्यायाधीशांचे पगार त्यात आहेत. आणि त्याच यादीत स्पष्ट लिहिलंय: कोणत्याही न्यायालयाचा निर्णय, हुकूमनामा किंवा निवाडा भागवण्यासाठी लागणारी रक्कम. भारित खर्च म्हणजे ज्यावर विधानसभेत मतदानसुद्धा घ्यावं लागत नाही. चर्चा करा, पण मत टाकून नाकारता येत नाही. घटना लिहिणाऱ्यांनी न्यायालयाचा हुकूमनामा राज्यपालांच्या पगाराच्या पंक्तीला बसवला. राज्यपालांचा पगार निधीअभावी थांबलाय असं कधी ऐकलंय? मग मुखेडच्या शेतकऱ्याचा मावेजाच कसा थांबतो?

पैसा नाही असं नाही. तुमचा नंबर शेवटचा आहे, एवढंच.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. पुण्याच्या पाषाणमधल्या एका जमिनीचं प्रकरण बघा. शासनानं १९६३ साली त्या जागेचा ताबा घेतला. मालक सुप्रीम कोर्टापर्यंत जिंकला. त्याला बदली जमीन दिली ती निघाली वनखात्याची. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला महाराष्ट्र शासनाला ऐकवावं लागलं की मोबदल्याचा नीट प्रस्ताव घेऊन या, नाहीतर लाडकी बहीणसारख्या योजना थांबवण्याचा आदेश देऊ. बहिणींना पैसे मिळावेत, माझी काहीच हरकत नाही. पण त्याच बहिणीच्या बापाचा कोर्टानं मंजूर केलेला मावेजा वीस वर्षं अडवायचा आणि तिला दीड हजार देऊन फोटो काढायचा, हा कुठला हिशोब? आणि सरकार कुणाचंही असो. या तारखा सगळ्या पक्षांच्या राज्यात पडलेल्या आहेत.

मघाशी म्हणालो, माझा ठेकेदार देत नाही कारण व्याज कमी आहे. शासनाचं बघा. भूसंपादनाच्या वाढीव रकमेवर ताब्याच्या पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढं १५ टक्के व्याज आहे. १८९४ च्या कायद्यात तसं होतं, २०१३ च्या नव्या कायद्यातही दर तेच. समजा २००० साली ताबा घेतला, कोर्टानं दोन लाख वाढवून दिले आणि शासनानं ते २०२० साली भरले. पहिल्या वर्षाचे ९ टक्के, पुढच्या एकोणीस वर्षांचे २८५ टक्के. म्हणजे दोन लाखांवर पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजार व्याज. दोन लाखांच्या जागी पावणेआठ लाखांच्या वर. हे ज्यादाचे पैसे कुणाच्या खिशातून जातात? तुमच्या-माझ्या. ज्या अधिकाऱ्यानं फाइल दाबून ठेवली त्याच्या पगारातून एक रुपया जात नाही. तो बदलून गेला, बढती घेऊन निवृत्तही झाला.

म्हणजे बघा. ठेकेदार ६ टक्क्याला देत नाही आणि शासन १५ टक्क्यालाही देत नाही. दोघांत सारखं काय? उशीर करणाऱ्या माणसाला उशिराचा चटका बसत नाही. दुखणं इथं आहे.

आता आकडे. मार्च २०२५ मध्ये पेरियाम्मल प्रकरणात सुप्रीम कोर्टानं देशातल्या सगळ्या हायकोर्टांना सांगितलं की आपापल्या जिल्हा कोर्टांतल्या दरखास्ती मोजा आणि सहा महिन्यांत निकाली काढायला लावा. ऑक्टोबर २०२५ ला आकडा आला: देशभर ८,८२,५७८ दरखास्ती पडून. त्यातल्या सुमारे ३ लाख ४१ हजार एकट्या मुंबई हायकोर्टाच्या अखत्यारीत. देशात पहिला नंबर आपला. शंभरातल्या अडतीस दरखास्ती आपल्या कोर्टांत. पुरोगामी महाराष्ट्र, उद्योगात पुढं, जीएसटीत पुढं आणि कोर्टानं सांगितलेले पैसे न देण्यातही सगळ्यात पुढं.

आणि सहा महिन्यांची गोष्ट तेव्हाच पहिल्यांदा सांगितली असंही नाही. एप्रिल २०२१ मध्ये राहुल शाह प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठानं तेच सांगितलं होतं. दरखास्त सहा महिन्यांत संपवा, नाही संपली तर कारण लेखी नोंदवा. पैशाच्या दाव्यात प्रतिवादीकडून मालमत्तेचं शपथपत्र घ्या. गरज पडली तर पोलिसांना मदतीला पाठवा. खोट्या हरकती घेणाऱ्याला दंड लावा. सगळं त्यात आहे. फक्त लातूर-नांदेडच्या तारखेच्या बोर्डावर ते दिसत नाही.

याचा परिणाम काय होतो ते गावात राहणाऱ्याला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी नांदेडलाच एक जण मला चहाच्या टपरीवर भेटला. गोड बोलला. "शेठ, कामून चकरा मारायलाव? कागद द्या इकडं, महिन्यात पैसे काढतो. अर्धे तुमचे, अर्धे आपले." मी नाही म्हणालो. पण प्रामाणिकपणे सांगा, हो म्हणणारे किती असतील? ज्याला कोर्टानं पंधरा वर्षं दिले नाहीत त्याला हा माणूस महिन्यात देतो म्हणतो. दर तारखेला, दर "घर बंद आढळले"ला, आपण एकेका माणसाला त्या टपरीकडे ढकलतोय. मग पेपरात उधारीवरून हाणामारी, वसुलीवरून अपहरण असं आलं की हळहळायचं. कोर्टाचा शब्द चालत नसला की भाईचा शब्द चालतो. मधली जागा रिकामी राहत नाही.

मोंढ्यात बघा. उधारीवर बाजार चालतो. आडत्या शेतकऱ्याला पट्टी देतो, पैसे पंधरवड्यानं. व्यापारी आडत्याला पंधरवड्यानं. ही साखळी शब्दावर चालते, आणि शब्द मोडला तर कोर्ट आहे या भरवशावर. तो भरवसा गेला की नवीन पोराला कुणी माल देत नाही, ओळख-पाळख, जात-पात, गट-तट बघूनच व्यवहार होतो. भोग शेवटी त्यालाच ज्याच्यामागं कुणी नाही.

आणि अशात शासन परत जमीन मागायला आलंय. शक्तिपीठ महामार्गाच्या जाहीर झालेल्या आखणीत नांदेडही आहे, लातूरही आहे. बैठकीत सांगतात, चांगला मोबदला देऊ. महामार्ग पाहिजे की नको हा वाद वेगळा, त्यावर मतं वेगळी असू शकतात. पण शेतकरी विश्वास का ठेवत नाही म्हणून अधिकारी आश्चर्य करतात तेव्हा हसू येतं. ज्याच्या आज्ज्याच्या तलावात गेलेल्या जमिनीची दरखास्त अजून चालू आहे तो तुमच्या चांगल्या मोबदल्यावर कशाला विश्वास ठेवील? मागची उधारी दिल्याशिवाय मीसुद्धा दुकानातून पाइप सोडत नाही.

म्हणून मागण्या लिहितो. भारी काही नाही, यातलं निम्मं तर कायद्यात आधीच आहे.

१. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर पडून असलेल्या दरखास्तींची वर्षवार यादी लावा. शासनाविरुद्धच्या वेगळ्या दाखवा.

२. सहा महिने झाले की कारण लेखी नोंदवल्याशिवाय पुढची तारीख देऊ नका. सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे, पाळा.

३. पैशाच्या हुकूमनाम्यात पहिल्याच तारखेला ऋणकोकडून मालमत्तेचं शपथपत्र घ्या. आदेश २१ नियम ४१ त्यासाठीच आहे. शपथपत्र न देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगाची तरतूद तिथंच आहे. त्याची मालमत्ता शोधायचं काम माझं कशाला?

४. व्यापारी उधारीवर बँकेच्या दरानं व्याज लावा. बुडवणं महाग करा, म्हणजे अर्ध्या दरखास्ती आपोआप संपतील.

५. बेलीफला गाडी द्या, सोबत पोलीस द्या. कोर्टाचा माणूस एकटा आणि घाबरत जाणार असेल तर तो कोर्टाचा अपमान आहे.

६. शासनाविरुद्धच्या हुकूमनाम्याला कायद्यानं आधीच तीन महिन्यांची सवलत आहे. त्या तीन महिन्यांत पैसे भरा. त्यानंतरच्या प्रत्येक महिन्याचं व्याज ज्याच्या टेबलावर फाइल अडली त्याच्याकडून वसूल करा. एकदा एका अधिकाऱ्याच्या पगारातून कापा, बघा मराठवाड्यातल्या फायली कशा पळतात.

७. या जिल्ह्यांतले जुने भूसंपादनाचे हुकूमनामे भागवल्याशिवाय नवीन संपादनाची अधिसूचना काढू नका.

आणि ज्यांच्याकडे असा कागद आहे त्यांच्यासाठी कामाचं. हुकूमनामा बजावणीयोग्य झाल्याच्या तारखेपासून बारा वर्षांच्या आत दरखास्त दाखल व्हायला पाहिजे, नाहीतर तो रद्दी. पहिली दरखास्त निकाली निघाली म्हणून घरी बसू नका, दुसरी टाकता येते, पण त्याच बारा वर्षांच्या आत. ऋणकोनं बाहेरच्या बाहेर काही दिलं तर ते कोर्टात नोंदवून घ्या, नाहीतर पुढं वाद होतो. त्याच्या नावचा आठ-अ, सातबारा, दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक दोन, बँक खातं, ठेक्याची येणी, जे सापडेल ते लिहून द्या. त्याची कुणाकडून येणी असतील तर तीही जप्त करता येतात. निकाल लागायच्या तोंडावर किंवा नंतर त्यानं मालमत्ता बायको-भावाच्या नावावर फिरवली असेल तर त्यालाही आव्हान देता येतं. आणि ऋणको वारला तरी कर्ज मरत नाही, वारसाकडे जेवढी मिळकत आली तेवढ्यापुरती वसुली होते. वकिलाला विचारा, पण विचारायला जायच्या आधी तारीख बघा. बाराव्या वर्षी जाग आलेली माणसं मी कोर्टाच्या पायऱ्यांवर बघितली आहेत. त्यांना सांगण्यासारखं काही उरत नाही.

वकील मित्रांना, न्यायालयीन कर्मचाऱ्यांना राग आला असेल तर सांगा, माझं काय चुकलं. सुधारून घेईन. पण दम धरा म्हणू नका. पंधरा वर्षं धरलाय.

एक काम करा. आपल्या घरात, गावात असा न भागलेला हुकूमनामा असेल तर खाली कमेंटमध्ये फक्त तीन गोष्टी लिहा: तालुका, हुकूमनाम्याचं वर्ष, आणि देणारा खासगी माणूस की शासन. नाव नको, नंबर नको, रक्कमसुद्धा नको. लातूर आणि नांदेडची यादी वेगवेगळी करतो आणि दोन्ही जिल्ह्यांच्या पालक न्यायमूर्तींना आणि पालकमंत्र्यांना पाठवतो. पोचपावती इथंच टाकीन.